ओढ्याकाठची शिंदी



आपल्या बालाघाटात ओढ्याच्या काठाने चालत गेलात, की शिंदीची झाडे भेटतात. पान पिसासारखे, देठाशी दाभणासारखे काटे. नर झाड निराळे, मादी निराळे; फळ धरते ते मादीलाच. खोडावर एकावर एक खाचा दिसतील. त्या रस काढणाराने दरसाल पाडलेल्या. निजामाने या झाडांवर कर बसवून खजिना भरला. १९४८ साली ते राज्य गेले, झाडे राहिली.

याच पानांची केरसुणी होते. लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो. पण ती बांधणाऱ्या मातंग भगिनीला कामगार म्हणून कोण मोजतो? मी आयुष्यभर कामगारांत वावरलो, तरी ‘पाने आणता कोठून?’ हा प्रश्न मलाही उशिराच सुचला. तेव्हा एका आजीने मला ओढ्यावर नेले. म्हणाली, “खालची पानं घ्यायची, लेकरा. शेंडा तोडला की झाड मेलं.”

ओढा खोल करताना यंत्र मात्र मुळासकट उपटते. पाणी हवेच, पण काठची शिंदी राखून ओढा खोल करावा, एवढा ठराव आपापल्या गावच्या ग्रामसभेत मांडा. केरसुणीला वाहिलेले हळदकुंकू तेव्हाच खरे.