कुनमिंगची मातीची वर्गखोली

युद्धाचे स्मारक म्हटले की तोफा, बुरूज आणि विजयस्तंभ डोळ्यांपुढे उभे राहतात. नैर्ऋत्य चीनमधील कुनमिंग शहरी, युनान नॉर्मल विद्यापीठाच्या आवारात मात्र युद्धकाळाची खूण म्हणून जपून ठेवली आहे ती एक साधी वर्गखोली. तिच्या भिंती मातीच्या आहेत आणि छप्पर पत्र्याचे.

१९३७ च्या जुलैत जपानने चीनवर चढाई केली. पेकिंग आणि छिंगह्वा ही विद्यापीठे शत्रूच्या ताब्यात गेली. नानकाई विद्यापीठ बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले. या तिघांनी संसार एकत्र केला आणि प्रथम छांगशा व १९३८ मध्ये दूरचे कुनमिंग गाठले. सुमारे ३०० विद्यार्थी, काही अध्यापकांसह, हा प्रवास बव्हंशी पायी करून ६८ दिवसांनी तेथे पोहोचले. तेथे उभे राहिले ते नैर्ऋत्य संयुक्त विद्यापीठ. लियांग सछंग यांच्यासारखा नामांकित वास्तुविशारद लाभूनही पैशाअभावी मातीच्या भिंतींवरच समाधान मानावे लागले. पाऊस आला की पत्र्यावरील आवाजात व्याख्यान ऐकू येत नसे. भोंगा झाला की वर्ग टेकड्यांकडे धाव घेत. तरीही शिकणे थांबले नाही. १९५७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळविणारे यांग आणि ली हे दोघेही येथेच शिकलेले.

विद्यापीठाची धुरा वाहणारे मेई यीछी यांनी १९३१ मध्येच सांगितले होते, की विद्यापीठ थोर ठरते ते मोठ्या इमारतींमुळे नव्हे, मोठ्या गुरूंमुळे. मग इमारतीचे महत्त्वच नसेल, तर ही खोली जपायची कशासाठी?

त्याचे उत्तर त्याच आवारातील शिलालेखापाशी मिळते. १९४६ मध्ये तिन्ही विद्यापीठे उत्तरेस परत निघाली, तेव्हा त्यांनी तो उभारला. मजकूर तत्त्वज्ञ फंग योउलान यांचा, शीर्षाची अक्षरे कवी वन यीदुओ यांची. पाठीमागे सैन्यात गेलेल्या ८०० हून अधिक विद्यार्थ्यांची नावे. त्याच वर्षी १५ जुलैला वन यीदुओ यांची याच शहरात गोळ्या घालून हत्या झाली. जवळच, १ डिसेंबर १९४५ रोजी यादवी युद्धाविरुद्धच्या चळवळीत बळी पडलेल्या चौघांच्या समाध्या आहेत.

शिलालेखाची प्रतिकृती करता येते. तिन्ही विद्यापीठांनी आपापल्या आवारात तशा प्रती उभारल्याही आहेत. परंतु हालअपेष्टांची प्रतिकृती होत नाही. शिळेवरील गौरवाचे शब्द कोणत्याही संस्थेला शोभून दिसतील. ते खरे होते याची साक्ष हीच मातीची भिंत देते. मेई यांच्या वचनाचा पुरावा, विरोधाभास वाटला तरी, एक इमारतच आहे.

महाविद्यालयाच्या आवाराला जागा नेहमीच अपुरी पडते, आणि कुदळ प्रथम पडते ती गरीब बांधणीवर. दगडी कमानीला इतिहास मानण्यास कोणी सांगावे लागत नाही. पत्र्याच्या खोलीला मात्र ती जाण असलेला कोणी भेटावा लागतो. कुनमिंगच्या खोलीला तो भेटला, आणि २००६ मध्ये या स्थळाला राष्ट्रीय संरक्षणही मिळाले. इतरत्र अशा किती खोल्या नव्या इमारतींच्या पायाखाली गेल्या असतील! उरलेल्यांवर कुदळ पडण्यापूर्वी, त्यांच्या भिंतीआड कोण शिकले, हा प्रश्न एकदा तरी विचारला जावा.