शोभेच्या झाडांवरील अळ्या
(व्याख्यान)



मृगाच्या सरी कोसळल्या की रत्नागिरीतील अंगणांतले बहावा व आसुपालव कोवळ्या पालवीने नटतात आणि पाठोपाठ त्या पालवीची चाळण होते. बहाव्यावरील हिरवी अळी 'एमिग्रंट' या फिकट पिवळ्या फुलपाखराची. आसुपालवावरील बहुधा 'टेल्ड जे'ची. लागलीच फवारणीचा पंप मागविला जातो.

श्रावकांच्या घरी अशा वेळी निंबोळी अर्क निर्दोष समजून वापरला जातो. वस्तुस्थिती निराळी आहे. त्यातील ॲझाडिरॅक्टिन अळीचे कात टाकणेच रोखते. ती खाणे सोडते व काही दिवसांत मरते. मृत्यू लांबला, टळला नाही. रासायनिक विषाने तर अळ्या टिपणाऱ्या गांधीलमाशाही बळी पडतात.

मुळात त्याची गरज किती? बहावा हा पानझडीचाच वृक्ष. जुने झाड ओरबाडले गेले तरी पुन्हा फुटते. अळीचे खाणे साधारण दोन आठवड्यांचे, पुढे ती कोषात जाते. चिंता असते ती लहान रोपांची. त्यांवर पालवी फुटण्याआधीच बारीक जाळी बांधावी, म्हणजे मादीला अंडी घालता येत नाहीत. तरीही अळ्या दिसल्या तर पानासकट खुडून मोठ्या बहाव्यावर ठेवाव्यात. पान तोडण्यात एकेंद्रियाची विराधना आहेच. फवारणीत मात्र त्रस जीवांचा संहार आहे. अळ्या आंब्यावर किंवा कडुनिंबावर सोडू नयेत. तो पाला त्यांना चालत नाही; त्या उपाशी मरतात.