निरोगी कोणाला म्हणायचे?

ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांतून आलेल्या पॅथॉलॉजिस्ट व तंत्रज्ञ बंधुभगिनींनो,

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये जिथे रुग्णालय उभारले, त्या मिरज नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

आज आपण यकृताच्या एन्झाइमांची संदर्भ-मर्यादा हा विषय घेतला आहे. निरोगी माणसांचे रक्त तपासायचे, खालचे आणि वरचे अडीच-अडीच टक्के आकडे सोडायचे आणि मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचे, ही आपली रीत. मात्र निवडलेल्यांत फॅटी लिव्हरची माणसे असली, तर त्यांचा आजारही नॉर्मलमध्ये जमा होतो. विषाणूंच्या आजाराचेही तेच: हिपॅटायटिस सी विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याआधी त्याचे वाहक या निवडीतून वगळण्याची सोयच नव्हती.

मिलानमध्ये संशोधक प्राती आणि सहकाऱ्यांनी रक्तदात्यांतून वजन, साखर, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड हे सारे ठीक असलेलेच निवडले. २००२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: एसजीपीटी या यकृताच्या एन्झाइमाची वरची मर्यादा पुरुषांत ४० वरून ३० वर, स्त्रियांत ३० वरून १९ वर आली. मिरजेचे कारागीर स्त्री आणि पुरुष गायकांसाठी वेगवेगळे तंबोरे घडवतात. आपल्या कित्येक अहवालांवर मात्र दोघांना अजून एकच आकडा छापला जातो.

मर्यादा खाली आणली की लपलेला आजार सापडतो, तशीच काही निरोगी माणसेही पुढच्या तपासण्यांत विनाकारण अडकतात. रिएजंटमध्ये पायरिडॉक्सल फॉस्फेट आहे की नाही, यानेही आकडा बदलतो. म्हणून मिलानचा आकडा डोळे झाकून उचलणेही योग्य नव्हे.

माझी कळकळीची विनंती आहे. किटच्या माहितीपत्रकातली मर्यादा आपल्याकडच्या किमान २० निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांवर पडताळून मगच अहवालावर छापा. स्वतःची मर्यादा ठरवायला प्रत्येक गटात किमान १२० माणसे लागतात. लहान प्रयोगशाळेला एकटीने इतकी माणसे जमवता येणार नाहीत. पण एकच पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळांनी निवडीचे निकष एक ठेवले, तर सहज जमतील. या कामाची आखणी इथेच करून उठू या. अहवाल हाती घेतलेला माणूस आपल्या ‘नॉर्मल’ या शब्दावर निर्धास्त होतो. त्या विश्वासाला पात्र ठरणे हे आपले कर्तव्य आहे.