शिक्षकाचा संयम, वर्गाची शिस्त



ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजेच पुढील पूज्य समंतभद्र महाराजांनी, १९१८ साली कारंजा येथे गुरुकुल स्थापिले. गुरू स्वतः नियम पाळतो म्हणून शिष्य पाळतात, हे गुरुकुलाचे मर्म होय. प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकानेही तेथूनच आरंभ करावा. वर्गात गलका होताच त्याचा हात छडीकडे वळतो. परंतु भयाने गप्प झालेले बालक प्रश्न विचारणेही सोडून देते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविले. भाषासमिती तर कठोर वचनही वर्ज्य मानते. घंटेपूर्वी वर्गात उपस्थिती, प्रत्येक बालकाचे नाव मुखोद्गत, मोजकेच नियम आणि चंचल मुलाकडे फळा पुसण्याची जबाबदारी, एवढ्याने वर्ग हळूहळू स्थिरावतो. शिक्षकाचा संयम हीच वर्गाची शिस्त होय.