हात किती पोहोचतो?
(मुळशी तालुक्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर पौड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रगतिपुस्तकात मुलाच्या उंचीसाठी रकाना असतो. त्याचा हात कुठवर पोहोचतो, यासाठी नसतो. अकॉन्ड्रोप्लाझिया या अस्थिविकारात धड जवळजवळ नेहमीसारखे वाढते, हातपाय मात्र आखूड राहतात. दंडाचे हाड तर विशेष आखूड. मुलीला स्वतःची वेणी घालता येत नाही, शौचानंतर स्वच्छता करणे कठीण जाते. उंचीवरून होणारी थट्टा सर्वांना ऐकू येते. ही दुसरी अडचण मूल कोणापाशी बोलत नाही.

या विकाराला कारण असलेला जनुकदोष १९९४ साली सापडला. अशा दहांपैकी सुमारे आठ मुलांचे आईवडील सर्वसामान्य उंचीचे असतात. ग्रहणाचा वा मातेच्या वागण्याचा येथे काडीइतकाही संबंध नाही.

सायबेरियातील कुर्गान येथील डॉ. इलिझारोव्ह यांनी हाड लांबविण्याची पद्धत विकसित केली. आपल्या राज्यात अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी या पद्धतीसाठी ओळखले जातात. दंडाचे हाड बेताने छेदून बाहेरून धातूची चौकट बसवितात. साधारण आठवड्याने स्क्रू फिरवून हाडाचे दोन भाग रोज सुमारे १ मिलिमीटर, तोही चार वेळांत विभागून, दूर सारतात. मधल्या फटीत नवे हाड धरू लागते. ८ सेंटिमीटरसाठी ८० दिवस झाले. पुढे ते पक्के होईपर्यंत आणखी काही महिने चौकट हातावरच! सळ्यांपाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो, कोपर आखडू शकते, मज्जातंतूस इजा पोहोचू शकते. ताम्हिणीकडच्या वाडीतून भर पावसात तपासणीस पुणे गाठणे हेही या उपचाराचेच अंग समजावे.

मी कला शाखेचा पदवीधर; शस्त्रक्रिया करा वा करू नका, हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु लग्न जमावे म्हणून ती करू नये, आणि मुलाला समजून होकार देता येईल तोवर थांबावे, असे मला वाटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी व शाळांत येतात. अशा मुलास त्या दिवशी घरी ठेवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणाचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी पालकांना साहाय्य करा. आणि सदस्यहो, शाळेच्या स्वच्छतागृहाची कडी व नळ खाली घेण्यास कोणत्याही शस्त्रक्रियेची वाट पाहावी लागत नाही. परत गेल्यावर ती कडी किती उंचीवर आहे, एवढे मोजून पाहा.