काय गाळावं, काय गाळू नये: फ्लास्कची रचना



ब्राउझरकडून मागणी येते. तिचा पत्ता वाचून ती योग्य फंक्शनकडे पोचवायची, उत्तराचं पान तयार करायचं आणि परत धाडायचं, एवढं काम प्रत्येक वेबसाइटला करावंच लागतं. ते एकदाच नीट लिहून ठेवलं, की त्याचं वेब फ्रेमवर्क होतं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं जँगो हे फ्रेमवर्क २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते घडलं होतं. तिथे मजकूर भरणारे वेगळे आणि कोड लिहिणारे वेगळे, शिवाय वेळेची घाई. म्हणून डेटाबेस, फॉर्म, मजकूर भरण्याचे पडदे असं सगळं जँगोबरोबरच येतं. त्या गरजेला ते चोख आहे. पण ज्याला चारच पानं दाखवायची आहेत, त्याने हा सगळा संसार का थाटावा?

१ एप्रिल २०१० रोजी ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखर याने ‘डिनाइड’ नावाचं फ्रेमवर्क जाहीर केलं. ते एप्रिल फूल होतं. सगळं एकाच फाइलमध्ये, लागणाऱ्या लायब्रऱ्याही त्याच फाइलमध्ये कोंबलेल्या. लोकांनी मात्र ते खरं मानलं. एका फाइलमध्ये सुरू होणारं काहीतरी लोकांना मनापासून हवं आहे, हे त्याने ओळखलं आणि त्याच महिन्यात फ्लास्क आलं, या वेळी खरंखुरं.

फ्लास्क लहान राहू शकलं, कारण त्याच्याखालचा पाया आधीच भरलेला होता. मागण्या हाताळणारं वर्कझॉइग आणि पानांचे साचे भरणारं जिंजा, दोन्ही रोनाखर आणि त्याच्या मंडळींनीच वाढवलेली. त्याखाली डब्ल्यूएसजीआय हा २००३ सालचा करार: सर्व्हरने अ‍ॅप्लिकेशनला दोनच गोष्टी द्यायच्या, मागणीची माहिती आणि उत्तर सुरू करण्याची सोय. इतका आटोपशीर करार हाती असल्यावर वरची इमारतही आटोपशीर ठेवता येते.

फ्लास्कने डेटाबेस गाळला, फॉर्मची तपासणी गाळली, वापरकर्त्यांची खाती गाळली. ज्याला जे हवं ते त्याने जोडावं. पण मला या गाळण्यापेक्षा, जे गाळलं नाही ते अधिक मोलाचं वाटतं. समजा, कुणी प्रतिक्रियेच्या चौकटीत मजकुराऐवजी स्क्रिप्ट लिहिली. ती तशीच पानावर उमटली, तर पुढच्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू लागते आणि त्याचं लॉग-इन सत्र चोरीला जाऊ शकतं. जिंजा एकटं वापरलं, तर असा मजकूर आपोआप निरुपद्रवी होत नाही; ती सोय आपण चालू करावी लागते. फ्लास्क एचटीएमएलच्या साच्यांसाठी ती स्वतःच चालू करतं. तसंच जेसनचं, म्हणजे प्रोग्रामला वाचायला सोप्या रूपात दिलेल्या उत्तराचं. उत्तरात सर्वांत वर यादी असली, तर जुन्या ब्राउझरांत दुसऱ्या साइटला ती चोरून वाचता येत असे. म्हणून फ्लास्कची जेसन बनवणारी सोय २०१६ पर्यंत अशी यादी घेतच नसे. अनेकांना ते अडचणीचं वाटलं, तरी मी त्या हट्टाच्या बाजूचा आहे. विसरलं तर लिहिणाऱ्याचाच वेळ जाईल, ते खुशाल वगळावं. विसरलं तर तिऱ्हाइताचं नुकसान होईल, ते मुळातच असावं.

साधेपणाची किंमत एका जागी स्पष्ट दिसते. फ्लास्कमध्ये ‘रिक्वेस्ट’ ही मागणीची माहिती असलेली वस्तू फंक्शनला द्यावी लागत नाही. आयात केली की ती कुठूनही वाचता येते. दिसते ती एकच, पण एकाच वेळी शंभर जणांच्या मागण्या आल्या तरी प्रत्येकाला आपापलीच मिळते. नवशिक्याला हे फार सोपं जातं. पण मागणी नसताना, जसं चाचणी लिहिताना, तीच वस्तू चूक दाखवते आणि तो गोंधळतो. मला स्वतःला ती फंक्शनच्या हाती उघडपणे दिलेली अधिक आवडली असती. तरीही एक श्रेय द्यायलाच हवं. २०२२ साली, २.२ या आवृत्तीत, त्यामागची यंत्रणा नव्याने बांधली गेली, पण ती वस्तू आयात करण्याची ओळ एका अक्षरानेही बदलावी लागली नाही.