फाईल थांबते, मुदत थांबत नाही

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. इंजिनिअरिंग शिकलो, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. तरीही आज मला फौजदारी कायद्यातल्या एका साध्या शब्दावर बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे 'मंजुरी'.

एखाद्या नेत्याने दोन समाजांत द्वेष पेटेल असे भाषण केले किंवा तसे लिहिले, तर पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम 153-अ लागायचे. आता भारतीय न्याय संहितेचे कलम 196 लागते. पोलीस गुन्हा नोंदवतात, तपास करतात. आपल्याला वाटते, पुढचे काम कोर्टाचे. पण मध्ये एक दार आहे. सरकारने खटल्याला मंजुरी दिल्याशिवाय कोर्ट अशा गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 196 मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम 217 मध्ये आहे.

हे दार वाईट नाही, हे आधी सांगतो. उद्या कुणी एखाद्या कवीवर, पत्रकारावर, व्यंगचित्रकारावर 'भावना दुखावल्या' म्हणून खटला भरायला निघाला, तर मध्ये कुणीतरी शांत डोक्याने कागद वाचणारे हवेच. सावधगिरी हवीच. प्रश्न एवढाच आहे, की त्या टेबलावर बसलेला माणूस स्वतःला कोणता प्रश्न विचारतो? 'पुरावा पुरेसा आहे का?' हा, की 'याचे परिणाम काय होतील?' हा?

या दोन प्रश्नांतला फरक आपल्याच मुंबईने पाहिला आहे.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993. आपल्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दंगलींत 900 माणसे मेली. 575 मुस्लिम, 275 हिंदू, इतर 5, आणि 45 जणांची ओळखच पटली नाही. त्या दिवसांत 'सामना'मध्ये आलेल्या अग्रलेखांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले. पुरावा शोधायला कुठे जायचे नव्हते. तो छापलेला होता, रोज सकाळी स्टॉलवर विकला गेला होता.

तेव्हा राज्यात काँग्रेसचे सरकार होते. खटला पुढे सरकला नाही. हात लावला तर मुंबई पुन्हा पेटेल, ही भीती होती. माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर यांनी कारवाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. ती 1994 मध्ये फेटाळली गेली. 1995 मध्ये युतीचे सरकार आले आणि जानेवारी 1996 मध्ये त्याने श्रीकृष्ण आयोगच बरखास्त केला. चार महिन्यांनी आयोग पुन्हा नेमावा लागला. फेब्रुवारी 1998 मध्ये अहवाल आला. त्यात ठपका स्पष्ट होता. तरी काही हलले नाही.

1999 मध्ये पुन्हा सरकार बदलले. अखेर जुलै 2000 मध्ये मंजुरी मिळाली. 25 जुलैला ठाकरे यांना अटक झाली. शहरात हजारो पोलीस रस्त्यावर, दुकाने बंद. त्यांना भोईवाड्याच्या कोर्टात नेले आणि त्याच दिवशी प्रकरण संपले. कारण? खटला मुदतबाह्य झाला होता. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत तीन वर्षे असते. इथे साडेसात वर्षे उलटली होती.

ते अग्रलेख गुन्हा होते की नव्हते, याचा निकाल पुराव्यावर त्या दिवशी लागलाच नाही, पुढेही लागला नाही. दोषी नाही आणि निर्दोषही नाही. पीडितांना न्याय मिळाला नाही, आणि आरोपीच्या समर्थकांनाही 'आमचा नेता पुराव्यावर सुटला' असे म्हणता आले नाही. कॅलेंडरने निकाल दिला.

आमच्या कामात एखादी तक्रार 'पेंडिंग' दाखवत असली, की लोकांना वाटते निर्णय व्हायचा आहे. पण त्या तक्रारीला मुदत असेल, तर 'पेंडिंग' हाच निर्णय असतो. फक्त त्याखाली कुणाची सही नसते. सरकारी सावधगिरीचे मला सगळ्यात जास्त खटकते ते हेच. खटला नाकारला असता तर कारण लिहावे लागले असते, त्याला आव्हान देता आले असते. घोंगडे भिजत ठेवले की कारणही लागत नाही आणि कुणी जबाबदारही राहत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या दंगलीत पुरावा टिकलाच नसता. पण जिथे खटला खरोखर चालला, तिथे काय झाले? डिसेंबर 1992 मधल्या चिथावणीबद्दल माजी खासदार मधुकर सरपोतदार आणि आणखी दोघांना 2008 मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. पंधरा वर्षांनंतरही पुरावा उभा राहिला.

आणि त्याच शहरात, त्याच पोलिसांनी दुसरा तपास कसा केला? 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत 257 माणसे गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आरोपपत्र दाखल झाले, विशेष कोर्ट बसले, पुढे 123 आरोपींपैकी 100 जण दोषी ठरले. त्या 257 कुटुंबांना न्याय मिळायलाच हवा होता, याबद्दल आपल्या मनात किंतु नको. पण दंगलीतल्या 900 कुटुंबांचे काय? नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंगलींबाबत राज्य सरकारला आदेश दिले, तेव्हा 97 खटले 'सुप्त' फायलींत पडून होते आणि 108 बेपत्ता माणसांच्या वारसांपर्यंत भरपाई पोहोचलेली नव्हती. सरकारला झेपत नव्हते, असे कसे म्हणायचे?

मग उत्तर काय, घाई? अजिबात नाही. घाईची किंमत आपल्याइतकी कुणाला माहीत असेल? 2006 च्या मालेगाव स्फोटांत नऊ मुस्लिम पुरुषांना आरोपी केले गेले. बहुतेकांनी पाच वर्षे तुरुंगात काढली आणि 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तिथे थोडी सावधगिरी हवी होती. म्हणून सावधगिरी कमी करा, अशी आपली मागणी असू शकत नाही. मागणी अशी हवी, की सावधगिरी पुराव्याबाबत असू द्या, माणूस बघून नको. शहर पेटेल का, ही काळजी पोलीस बंदोबस्ताची आहे. खटला भरायचा की नाही हे त्यावरून ठरले, तर ज्याच्यामागे जास्त गर्दी, तो कायद्यापासून तेवढा लांब. असा धडा एकदा मिळाला की पुढचा वक्ता गर्दी जमवूनच बोलतो.

आज हा प्रश्न इतिहासाचा नाही. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. गुन्हा नोंदला गेला की आपण फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि विषय संपतो. खरे तर काम तिथून सुरू होते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तपास कुठवर आला हे तक्रारदाराला किंवा पीडिताला 90 दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 193. कळवले नाही तर लेखी विचारा आणि पोच घ्या. दोन, मंजुरीचा प्रस्ताव गेला का आणि कोणत्या तारखेला, हे विचारा. मंजुरीसाठी अर्ज केल्यापासून ती मिळेपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला जातो. म्हणजे प्रस्ताव गेल्यावर मंजुरी उशिरा आली तरी चालेल. पण प्रस्ताव गेलाच नाही, तर हा काळ वगळला जात नाही. तीन, गुन्ह्याच्या तारखेपुढे तीन वर्षे मोजून ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि सहा महिने आधी वकिलाला भेटा. उशीर झालाच, तर न्यायाच्या हितासाठी तो माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. पण तो मागायलाही आपण कधी, काय केले, याचे कागद लागतात.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. सरकारी नोकराने कामाच्या ओघात केलेल्या गुन्ह्यांसाठी नव्या कायद्यात 120 दिवसांची अट आली आहे. त्या मुदतीत सरकारने निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. द्वेषपूर्ण भाषणाच्या मंजुरीला अशी कोणतीच मुदत नाही. ती का नसावी? सरकारने हो म्हणावे किंवा नाही म्हणावे, पण ठरलेल्या दिवसांत आणि कारण लिहून. ही मागणी फक्त मुस्लिमांची नाही. उद्या द्वेषाचे भाषण आपल्यातला कुणी केले, तर त्याच्याही फायलीला हाच नियम लागला पाहिजे. तसे म्हणायची आपली तयारी असेल, तरच ही मागणी न्यायाची ठरेल.